ज्ञानाचा साठा गावात हवा

(शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

ह्या अभ्यासवर्गासाठी मला दिलेला विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. चित्रफिती, ध्वनिफिती, वाचनपाठ, स्वाध्याय आणि चाचण्या ह्यांचे शेकडो घटक असलेले मोठे ई-अभ्यासक्रम इंटरनेटवाचून ग्रामीण शाळांत कसे पोचवावयाचे आणि त्यासाठी त्यांची मांडणी कशी करावयाची, हा तो विषय. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने ह्यावर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु ह्या प्रश्नाच्या मुळाशी गेले की तेथे मालकीचा आणि वाटपाचा प्रश्न उभा असलेला दिसतो. आणि मालकी व वाटप हे अर्थशास्त्राचे नित्याचे विषय आहेत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्के होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, देशभरच्या शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवरून सुरू राहील असे सांगण्यात आले. कोणाचे सुरू राहिले आणि कोणाचे तुटले, हे वरील आकड्यांतच लिहिलेले होते. त्यानंतर परिस्थिती सुधारली हे खरे. तरीही केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील शाळांपैकी सुमारे ५४ टक्के शाळांतच इंटरनेट होते. शिवाय कागदावर जोडणी असणे आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता ती जोडणी चालू असणे ह्यांतील अंतर धडगाव, धारणी किंवा भामरागड तालुक्यातील शिक्षकाला विचारावे.

ह्यावर नेहमीचे उत्तर असे की, तारा टाका, मनोरे उभारा, जोडणी पोचली की शिक्षण पोचेल. जोडणी पोचली पाहिजे ह्याबद्दल वाद नाही. रस्ता, वीज आणि पाणी ह्यांच्याप्रमाणे तो नागरिकांचा हक्क आहे. माझे म्हणणे एवढेच की, जोडणी पोचल्यावरसुद्धा अभ्यासक्रम शाळेत साठवलेला असावा. हे असे का, ते सांगतो.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच काही धड्यांत आम्ही साठा आणि प्रवाह ह्यांतील भेद शिकवतो. गावच्या विहिरीतले पाणी हा साठा आणि टँकरने येणारे पाणी हा प्रवाह. दुष्काळी भागात काम केलेल्यांना हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. टँकर कधी यावा, कोणत्या वस्तीवर थांबावा, हे टँकरवाला ठरवतो. विहीर गावाची असते. ती गाव उपसते, दुरुस्त करते आणि तिच्यावर भांडतेही. दूरच्या यंत्रावरून क्षणोक्षणी येणारा धडा हा टँकरचा धडा आहे. शाळेतील कपाटात, तेथल्याच छोट्या संगणकात ठेवलेला धडा ही विहीर आहे.

आपल्या देशाने प्रवाहाचा प्रयोग फार पूर्वी आणि फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षभरात इस्रोने अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ ह्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत शैक्षणिक दूरदर्शन पोचवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या अँटेना आपल्या अभियंत्यांनी गावोगाव उभ्या केल्या. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. हे कर्तृत्व असामान्य होते, आणि देशाच्या पुढच्या उपग्रह कार्यक्रमाला त्याचा मोठा उपयोग झाला. पण शाळेच्या बाजूने पाहा. कार्यक्रम त्याच्या वेळेला लागे आणि त्याच्या वेळेला संपे. मुलांना कळले नाही म्हणून गुरुजींना तो थांबवता येत नसे, मागे घेता येत नसे. वर्ष संपले, उपग्रह दुसऱ्या कामावर गेला आणि शाळेच्या कपाटात काहीच शिल्लक राहिले नाही. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा आपला स्वतःचा उपग्रह सोडण्यात आला. २०१० साली त्याचे आयुष्य संपले. उपग्रह परका असो वा स्वतःचा, प्रवाहाचा धर्म बदलत नाही.

आता थोडा हिशेब मांडू. आठवीच्या गणित आणि विज्ञान ह्या दोन विषयांचा अभ्यासक्रम चारशे घटकांचा आहे असे धरून चालू. प्रत्येक घटकात सहा मिनिटांची, सुमारे ४० मेगाबाइटची एक चित्रफीत आहे. सर्व चित्रफिती मिळून १६ गिगाबाइट होतात. वाचनपाठ, आकृत्या आणि स्वाध्याय ह्यांचे दोन धरले तरी सगळा अभ्यासक्रम नखाएवढ्या ३२ गिगाबाइटच्या कार्डावर मावतो. तोच अभ्यासक्रम चाळीस मुलांनी एकाच वेळी इंटरनेटवरून पाहावयाचा म्हटले, तर दर सेकंदाला सुमारे ३५ मेगाबिटची अखंड जोडणी लागते. आणि उद्या तोच धडा पुन्हा पाहावयाचा असेल तर तेवढाच भार पुन्हा पडतो. शाळेतच एक लहान संगणक ठेवून त्याच्याभोवती वायफाय उभे केले, तर बाहेरून काहीच आणावे लागत नाही. असा संगणक पाच-सहा वॅट विजेवर चालतो. रोज सहा तास चालवला तरी महिन्याला एक युनिट वीज लागत नाही. बिल थकले म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या ज्या राज्यात वारंवार येतात, तेथे हा आकडा लहान मानू नये.

आणि वाहतुकीचे काय? नंदुरबारहून धडगावला जाणाऱ्या एस.टी.त एका शिक्षकाच्या पिशवीत एक टेराबाइटची हार्डडिस्क आहे आणि गाडी तीन तासांत पोचते, असे समजा. भागाकार करून पाहा: दर सेकंदाला सातशे मेगाबिटहून अधिक वेगाने ज्ञान सातपुड्याचा घाट चढले. ह्यात विनोद नाही. २००३ च्या सुमारास कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर भागात ‘डाकनेट’ नावाचा प्रयोग झाला. त्यात बसवर बसवलेले उपकरण गावाजवळून जाताना तेथील संगणकाशी बिनतारी संपर्क साधून माहितीची देवघेव करी आणि शहरात पोचल्यावर ती पुढे धाडी. टपालखात्याच्या तत्त्वावरच हे चालले होते.

परंतु साथींनो, हार्डडिस्क पोचवणे म्हणजे अभ्यासक्रम पोचवणे नव्हे. पेरू देशाने २००७ नंतर ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ह्या आंतरराष्ट्रीय योजनेखाली लाखो मुलांना लॅपटॉप दिले. त्यांत सुमारे दोनशे पुस्तके आधीच भरलेली होती. म्हणजे साठा होता. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२ साली निष्कर्ष मांडला की, मुलांचा संगणकवापर पुष्कळ वाढला, पण गणित आणि भाषा ह्यांतील प्रगतीवर परिणाम दिसला नाही. यंत्रे आली, पण शाळेच्या पाठ्यक्रमाशी त्यांची सांगड नव्हती आणि शिक्षकांची तयारी तोकडी होती. धान्य पोत्यात पडून राहिले. दळण झाले नाही.

म्हणून मांडणीचा प्रश्न मी पोचवण्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानतो. मोठा अभ्यासक्रम रचणारी माणसे बहुधा शहरात बसलेली असतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एकटा विद्यार्थी, एक पडदा आणि अखंड वेळ असतो. आपल्या द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, पस्तीस मिनिटांची तासिका असते आणि दुपारी वीज जाते. त्या खोलीला धरून मांडणी केली तर काही गोष्टी ओघानेच येतात.

पहिली गोष्ट घटकाच्या आकाराची. एक घटक एका तासिकेत मावला पाहिजे आणि त्यातील पाहण्याचा भाग सात-आठ मिनिटांहून मोठा नसावा. उरलेला वेळ बोलण्याचा, वहीत करण्याचा आणि चुकण्याचा. वीज मध्येच गेली तर घटक अर्धवट राहू नये म्हणून प्रत्येक घटकाबरोबर कागदावर छापलेले एक पान असावे. तिसरीची मुले पडद्यासमोर असताना गुरुजी चौथीला हाताशी घेऊ शकतील, असे स्वाध्याय हवेत.

दुसरी गोष्ट क्रमाची. चारशे घटकांचा ढीग हा अभ्यासक्रम होत नाही. अपूर्णांकांची बेरीज समजण्यापूर्वी समान छेद समजला पाहिजे, आणि त्यापूर्वी पाढे. कोणता घटक कोणत्या घटकावर उभा आहे, हे दाखवणारा नकाशा अभ्यासक्रमाच्या तोंडाशीच असावा, म्हणजे सातवीतील मूल अडखळले तर पाचवीच्या कोणत्या घटकाकडे परतावयाचे ते शिक्षकाला चटकन कळेल. अनुक्रमणिका बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील धड्यांनुसार असावी. पुस्तक ह्या राज्यात घरोघर पोचलेले आहे. त्याचा हात सोडून जो अभ्यासक्रम चालेल तो पेरूच्या वाटेने जाईल.

तिसरी गोष्ट स्वयंपूर्णतेची. आपल्या पाठ्यपुस्तकांत आता धड्याशेजारी चौकोनी संकेतचिन्ह छापलेले असते. मोबाइलने ते टिपले की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ह्या शासकीय मंचावरचा पाठ उघडतो. कल्पना चांगली आहे, आणि तेथील पाठ उतरवून घेऊन पुढे देण्याची सोयही आहे. पण ज्या घटकाला उघडण्यासाठी दर वेळी बाहेरचे काही मागावे लागते, तो घटक सिग्नल नसलेल्या पाड्यावर कोरी चौकट होऊन बसतो. अक्षरे, आकृत्या, चाचणीची उत्तरे, सारे घटकाच्या पोटातच असावे. आधी मजकूर, मग चित्र, मग ध्वनी आणि शेवटी चित्रफीत असा भार चढता ठेवावा, म्हणजे जुन्या यंत्रावरही निम्मा अभ्यासक्रम चालेल.

चौथी गोष्ट भाषेची. नंदुरबारच्या पाड्यावर मूल पावरी किंवा भिली बोलत शाळेत येते, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. प्रमाण मराठीतील निवेदन चित्रफितीत पक्के चिकटवून टाकले तर ते बदलता येत नाही. ध्वनी वेगळा ठेवला तर तेथलाच शिक्षक किंवा शिकलेली मुलगी तोच घटक आपल्या बोलीत सांगून त्यावर चढवू शकते. मांडणीतील हा लहानसा निर्णय. पण शाळा मुलाची आहे की नाही, हे त्याने ठरते.

हे सारे हवेतले इमले नाहीत. २०१५ नंतर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘क्लिक्स’ नावाचा उपक्रम छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणा ह्या चार राज्यांतील चारशेहून अधिक शाळांत, मुख्यतः सरकारी माध्यमिक शाळांत, झाला. मुंबईचेच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्याचे एक भागीदार होते. गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे घटक शाळेतीलच सर्व्हरवर ठेवले होते. मुले जोडीजोडीने बसत, म्हणजे संगणक कमी पडत नसत आणि मुले एकमेकांशी बोलतही असत. निर्मिती खुल्या परवान्याखाली ठेवली गेली. पैसा एका उद्योगसमूहाच्या विश्वस्त निधीचा होता हे मी विसरत नाही. म्हणूनच तो खुला परवाना मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘कोलिब्री’ ही मोफत आणि खुली आज्ञावली तर ह्याच कामासाठी लिहिलेली आहे. ती पेनड्राइव्हवरून भरता येते आणि शाळेतल्या शाळेत वायफायवर चालते. शिक्षक आपल्या वर्गापुरते पाठ निवडून देऊ शकतो आणि कोणते मूल कोठे अडले ते पाहू शकतो. केरळने २००१ पासून शालेय संगणकशिक्षण उभारले आणि पुढे ते मुक्त आज्ञावलीवर आणले. परवान्यासाठी कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता एका शाळेची प्रत दुसऱ्या शाळेने घेतली.

आता पोचवण्याची व्यवस्था. नवी यंत्रणा निर्माण करण्याची आवश्यकता नाही. आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुखांची पदे आहेत, तालुक्याला गटसाधन केंद्र आहे आणि शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तालुक्याच्या ठिकाणी चांगली जोडणी असते. तेथे संपूर्ण संच उतरवून घ्यावा. तेथून केंद्रशाळेत आणि परिषदेच्या दिवशी केंद्रशाळेतून शाळाशाळांत तो पेनड्राइव्हने जावा. दर वेळी सगळे १८ गिगाबाइट वाहण्याचे कारण नाही; प्रत्येक घटकाला क्रमांक आणि आवृत्तीची तारीख असली की फक्त बदललेले घटक न्यावयाचे. प्रत पूर्ण उतरली की नाही हे पडताळणीच्या आकड्यावरून संगणकच सांगतो. रेशनच्या दुकानात माल मोजून घेतो, तसे हे मोजून घ्यावे.

आणि तोच पेनड्राइव्ह रिकामा परत येऊ नये. कोणता घटक मुलांना कळला नाही, कोठे उदाहरण परके वाटले, कोठे चूक आहे, हे शिक्षकाने लिहून परत धाडावे आणि पुढच्या आवृत्तीत त्याचे उत्तर दिसावे. मुलांची नावे आणि गुण मात्र शाळेबाहेर जाऊ नयेत. वर केवळ बेरजा जाव्यात. गरीब मुलांची माहिती हा आज विकाऊ माल झाला आहे, हे विसरून चालणार नाही.

येथवर आलो की मूळ प्रश्न समोर येतो. प्रत काढण्याचा अधिकार कोणाचा? ज्ञान ही अशी वस्तू आहे की एकाने घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. पहिली प्रत काढण्यास खर्च येतो. दहा हजाराव्या प्रतीला जवळजवळ काहीच नाही. अशा वस्तूवर वर्गणीचे कुलूप लावले की टंचाई निर्माण होते ती कृत्रिम. टाळेबंदीच्या काळात शेतमजुराच्या घरात हप्त्यावर टॅबलेट विकले गेले. कंपनी बुडाली किंवा हप्ता थकला की धडा बंद! सार्वजनिक पैशातून तयार झालेला प्रत्येक घटक प्रत काढण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास खुला असलाच पाहिजे. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितले की, सरकारचा महसूल प्रामुख्याने रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. तो हिशेब अद्याप मिटलेला नाही. त्याच्या वहीत आता एक नवे खाते उघडले आहे, इतकेच.

एक धोका स्पष्ट शब्दांत सांगतो. २०२३ साली राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. उद्या कोणी असे म्हणेल की, पेटीत अभ्यासक्रम आहे, मग शिक्षक कशाला? कोणी ह्याच्या उलट म्हणेल की, चांगले डिजिटल शिक्षण समूहशाळेतच परवडते, म्हणून पाड्यावरची शाळा बंद करा. दोन्ही युक्तिवाद खोटे आहेत. पेटी सर्वांत जास्त उपयोगी पडते ती बारा मुलांच्या शाळेतच, आणि तीही तेथे शिक्षक असेल तेव्हाच. ह्या साधनाचे समर्थन करताना शिक्षकभरतीची मागणी आपण एका पायरीनेही खाली आणता कामा नये.

आपण काय करावे? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीत बसलेल्या आपल्या कार्यकर्त्याने पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारावेत. शाळेत आलेला संगणक कोणत्या अवस्थेत आहे? त्यात कोणते घटक आहेत आणि ते इंटरनेट नसताना उघडतात का? त्यांची प्रत शेजारच्या शाळेला देण्यास मोकळीक आहे का? वीजबिल कोण भरतो? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि दहा शाळांच्या वह्या एकत्र करून गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात. आपल्यातील तरुणांनी तालुक्याला एक पूर्ण संच उतरवून घेऊन त्याच्या प्रती काढून देण्याचे काम अंगावर घ्यावे. त्याला फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

जोडणीसाठीचा लढा चालू राहील आणि तो जिंकलाही जाईल. तोवर आजच्या पाचवीतील मूल थांबणार नाही. ते सहावीत जाईल, सातवीत जाईल आणि अपूर्णांकाशिवाय शाळेबाहेर पडेल. त्याच्या वर्गात पाच वॅटचा एक दिवा आपण आज लावू शकतो.